याकोब मास्तरांचा संभार

आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या रूथने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "शमुवेल सर, तुमच्या आवडीनिवडी सांगा. तुमच्यावर कोणाचा प्रभाव आहे? आणि संगीतातला तुमचा हिरो कोण?"

नाताळच्या कार्यक्रमात म्हणे अशा छोट्या मुलाखती पडद्यावर दाखवायच्या होत्या. मी नगरला अर्ध्या आयुष्यापासून उपासनेला पेटी वाजवतो, गायनमंडळ बसवतो, लग्नात वाजवतो, मातीलाही वाजवतो. पण माझ्या आवडीनिवडी आजवर फक्त माझ्या बायकोने, सुलभाने विचारल्या आहेत, त्याही भाजीपुरत्या. त्यामुळे मी जरा फुगलोच.

"मला संथ गाणी आवडतात," मी सांगितलं. "टाळ्या पिटत गायलेली आवडत नाहीत. कीबोर्डचं बटण दाबलं की आपोआप जो ढोल वाजतो, तो ऐकला की माझं डोकं उठतं. लहानपणी आमच्या चर्चमध्ये पायाने भाता मारायचा ऑर्गन होता. तो वाजवणाऱ्या बाई उपदेश सुरू झाला की झोपायच्या आणि 'आमेन' कानावर पडलं की डोळे न उघडता अचूक सूर धरायच्या. त्या माझ्या पहिल्या गुरू. ताल मी पलीकडच्या आळीतल्या भजनी मंडळाच्या भिंतीला कान लावून शिकलो. पण हिरो म्हणशील तर एकच. याकोब मास्तर."

"कोण याकोब मास्तर?" रूथने विचारलं.

इथे वाचकांनाही सांगायला हवं. माझे वडील ख्रिस्ती पुस्तकं विकत गावोगाव फिरायचे. एकदा विदर्भाच्या फेरीवरून येताना त्यांनी एक कॅसेट आणली. कुणाच्या तरी टेपसमोर आपला टेप ठेवून भरून घेतलेली. वर त्यांच्या अक्षरात 'याकोब मास्तर, सावरखेडा, जि. यवतमाळ' एवढंच. आत एकच गाणं. पण आवाज काय! विहिरीच्या तळातून यावा तसा खोल, एकेका शब्दाला दम खात पुढे सरकणारा, ओळीच्या शेवटी थरथरणारा. आणि दुसऱ्या ओळीनंतर एक हुंकार: 'ओऽऽहोऽऽ'. तो ऐकून लहानपणी माझ्या अंगावर काटा यायचा. शब्द असे:

पहिला संभार तुला रे, देवा,
हृदयभार तुला रे, देवा,
माझ्या पापांचा, माझ्या प्राणांचा,
पहिला संभार तुला.

आमच्या त्या वेळच्या पाळकसाहेबांनी या चार ओळींवर तीन रविवार उपदेश केला होता. सं म्हणजे समस्त, भार म्हणजे ओझं. आणि पहिला भार कोणता? तर आदामाचं पाप! मंडळी हमसाहमशी रडली होती. तेव्हापासून नगरात आमच्याकडे कोणीही गेलं की कबरेपाशी हेच गाणं होतं आणि ते मीच म्हणतो. मास्तरांसारखा खर्ज लागावा म्हणून मी वर्षानुवर्षं पहाटे उठून घसा खरवडला, गार पाणी सोडलं, लोणचं सोडलं. सुलभा म्हणते, बोलताना माणूस असतोस, गायला लागलास की बोअरवेल होतोस.

"मास्तर आहेत का अजून? तुम्ही भेटलात कधी?" रूथने विचारलं.

ज्याच्यापायी लोणचं सोडलं, तो माणूस जिवंत आहे की नाही हेही मी कधी शोधलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी बॅग भरली. मला दोनच गोष्टी हव्या होत्या: मास्तरांच्या तोंडून ते गाणं एकदा समोर बसून ऐकायचं, आणि माझं ऐकवून त्यांच्याकडून 'शाब्बास' घ्यायचं. सोबत बेंजामिन निघाला. तो सुलभाचा भाऊ आणि आमच्या गायनमंडळाचा ढोलकीवाला. "दाजी, तुम्ही एकटे गेलात तर कुठेतरी डोळे मिटून गात बसाल आणि एसटी निघून जाईल," असं त्याचं म्हणणं.

उमरखेड

कॅसेटवर तालुका नव्हता, हा घोटाळा आमच्या गाडीत बसल्यावर लक्षात आला. शेजारच्या प्रवाशाने छातीठोकपणे सांगितलं की सावरखेडा उमरखेडकडे आहे. उतरलो उमरखेडला. सकाळची वेळ, स्टँडसमोरच्या हॉटेलात पोह्यांचा वास सुटलेला. तिथला माणूस बशा भरता भरता म्हणाला, "सांबार टाकू का?"

पोह्यांवर सांबार! मी ठामपणे नको म्हणालो. बेंजामिन खाण्याच्या बाबतीत धाडसी आहे, तो म्हणाला टाका. त्या माणसाने त्याच्या पोह्यांवर चिमूटभर कोथिंबीर भुरभुरवली आणि निघून गेला. बेंजामिन बराच वेळ वाटीची वाट पाहत बसला. शेवटी हाक मारून म्हणाला, "अहो, सांबार?"

"टाकला ना," तो माणूस म्हणाला, आणि आणखी चिमूटभर कोथिंबीर टाकून गेला.

"संपलं असेल बिचाऱ्याचं. सांगायला लाजतोय," बेंजामिन मला हळूच म्हणाला. आम्ही त्या माणसाची दया येऊन दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिथेच डोकं चाललं असतं तर पुढची माझी शोभा टळली असती. पण आम्हा नगरवाल्यांना आपलंच मराठी खरं वाटतं.

सावरखेड्यात पोचलो आणि मास्तरांचा पत्ता विचारायला पहिल्याच घरी शिरलो, तर अंगणात सोयाबीनची पोती रचलेली. घरमालक गृहस्थ शेतकरी, पागोट्याने पोत्यावरची धूळ झटकून त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि बेंजामिनकडे निरखून पाहू लागले. बेंजामिनचं वय पंचेचाळीस, केस मात्र नुकतेच काळे केलेले.

"मुलगा काय करते?" त्यांनी मला विचारलं.

"ढोलकी वाजवतो," मी म्हणालो.

"अन् त्याच्याशिवाय?"

"त्याच्याशिवाय काही नाही."

गृहस्थांनी आत पाहून ओरडून सांगितलं, "चाय ठेवा, पोहे राहू द्या." मग माझ्याकडे वळून सौम्यपणे म्हणाले, "राग नोका मानू भाऊ, पन ढोलकीवाल्याले आमी पोरगी नाई देत."

त्या दिवशी त्यांच्याकडे मुलगी पाहायला खरेच पाहुणे यायचे होते. गैरसमज फिटल्यावर ते एवढे हसले की पोहेही आले. "याकोब मास्तर पुसदकडच्या सावरखेड्याचे. तुमी उलटे आले, बाप्पा," त्यांनी सांगितलं. पोह्यांवर सांबार हवा का, हे या वेळी कोणी विचारलं नाही. कोथिंबीर मात्र होती.

पुसद

पुसदला मिलिंद भेटला. रिक्षा त्याची, आणि रिक्षात देवाच्या तसबिरीच्या जागी दोन मोठे स्पीकर. घर बौद्ध, जयंतीच्या मिरवणुकीत त्याची स्वतःची गायन पार्टी. सावरखेड्याचं नाव काढताच त्याने आमचं सामान आत फेकलं.

"याकोब मास्तर? मले पेटी कोनं शिकवली? त्याईनंच! जयंतीले दरसाल आमच्या पार्टीत पेटीवर मास्तरच राह्यते."

मला धक्काच बसला. तो गंभीर हुंकार, आणि मिरवणूक? मी विचारलं, "पण त्यांचं गाणं तर फार संथ ना?"

"संथ?" मिलिंदने गाडी चालवता चालवता पूर्ण मागे वळून पाहिलं. "मास्तर? कायची मजाक करून राह्यले सर!"

मी त्याला समोर बघ म्हणालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कपाशी फुटलेली, मध्ये तुरीच्या ओळी, कंबरेला ओटी बांधून वेचणीला वाकलेल्या बाया. आमच्याकडे या दिवसांत ऊस तोडून नेतात आणि शिवार उघडं पडतं, इथे उलट सगळं शिवार पांढरं भरून आलेलं. मिलिंदचं आणि माझं तासभर भांडण झालं. त्याला जलद, चढं, टिपेचं आवडतं. गाणं ऐकून माणूस उठला पाहिजे, असं त्याचं मत. गाणं ऐकून माणूस बसला पाहिजे, असं माझं. बेंजामिनचं मत ज्याच्याकडे जेवण असेल त्याच्यासारखं असतं.

गाव जवळ आलं तशी मिलिंदने रिक्षा हळू केली. "पन सर, एक सांगून ठेवतो. उद्या मंडळीत हंगामाचा सण हाय. दरसाली लिलाव सुरू होते तो मास्तरच्या गान्यानं. यंदा त्याईनं गात नाई म्हून सांगतलं. काकूनं तिकडून आपला हट धरला. घरात दोघंच मानसं, अन् दोघं भी अडून बसले. तुमी पाहा, जमते का काई."

म्हणजे मी ज्यासाठी आलो, तेच बंद पडलं होतं.

सावरखेडा

पत्र्याचं घर, पुढे अंगण, मोरीचं पाणी जिथे जातं तिथे हिरवेगार वाफे. अंगणात लहानखुरे, वाळक्या अंगाचे एक म्हातारे कोंबड्याशी भांडत होते. मी अदबीने विचारलं, "याकोब मास्तर घरात आहेत का?"

"मीच तं आहो!"

आवाज बासरीसारखा बारीक. मी बेंजामिनकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. मला वाटलं, वयाने गेला असेल खर्ज. माणसाचं काय काय जातं.

सुवार्ताकाकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, चहा दिला. मी वडिलांचं नाव सांगितलं, कॅसेटची गोष्ट सांगितली, माझ्या घशाची सांगितली. लोणच्याचीही सांगितली. मास्तर तोंड उघडं टाकून ऐकत होते. मग मी पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "आशीर्वाद द्या. तुमचंच गाणं तुम्हाला ऐकवतो."

मी त्यांची पेटी घेतली, डोळे मिटले आणि विहिरीच्या तळाशी गेलो. 'पहिलाऽऽ संभाऽऽर'. मनापासून गायलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या ओळीनंतर हुंकार दिला, 'ओऽऽहोऽऽ', आणि समोरून हुंदका ऐकू आला. मला धन्य वाटलं. डोळे उघडले तर काकू पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मिलिंद रिक्षाच्या मागे जाऊन उभा राहिला होता, त्याची फक्त पाठ हलताना दिसत होती.

मास्तर मात्र काळजीने माझ्या तोंडाकडे पाहत होते. "गानं तं ओळखीचं वाटून राह्यलं," ते म्हणाले. "पन भाऊ, तू रडून काहून राह्यला? अन् मंधात कोनाले लागलं?"

"तो तुमचा हुंकार आहे," मी म्हणालो.

"माहा?"

बेंजामिनने कॅसेट आधीच मोबाईलवर उतरवून घेतली होती. त्याने ती लावली. तो खोल आवाज अंगणात घुमला आणि मास्तर दचकले. "हा कोन?"

"तुम्हीच!"

"मी असा कधी होतो बापा? हा तं मेलेला मानूस हाय!"

बेंजामिनच्या मोबाईलमध्ये सरावासाठी एक सोय आहे, गाण्याचा सूर आणि लय दोन्ही वाढवता येतात. त्याने काय विचार केला देव जाणे, तो बोटाने ती रेघ वर वर सरकवत गेला. आवाज चढत गेला, बारीक होत गेला, समोर बसलेल्या माणसाचा झाला. गाणं दुडक्या चालीत धावायला लागलं, मागे टाळ्या ऐकू येऊ लागल्या, लोक हसत होते. आणि शब्द स्पष्ट झाले:

पहिला सांबार तुले रे, देवा,
हिरवागार तुले रे, देवा,
माह्या वाफ्याचा, माह्या पान्याचा,
पहिला सांबार तुले.

दुसऱ्या ओळीनंतर माझा हुंकार आला. 'कुकुचकू!' असा. अंगणातल्या कोंबड्याने मान उंच करून त्याला ताबडतोब उत्तर दिलं.

"सांबार म्हणजे?" मी विचारलं. माझा आवाज आता मलाच अनोळखी वाटत होता.

काकूंनी वाफ्याकडे बोट दाखवलं. "हा काय. सांबार. वरनात टाकते तो."

कोथिंबीर. बंधुभगिनींनो, कोथिंबीर! माझ्या डोळ्यांसमोर पोह्यांची बशी आली, तीन रविवारचा उपदेश आला, आदामाचं पाप आलं, आणि ज्यांच्या ज्यांच्या कबरेपाशी मी डोळे मिटून 'देवा, कोथिंबीर घे' असं गायलो ती सगळी सज्जन माणसं एकामागून एक आली. बेंजामिन जमिनीवर आडवा पडून हसत होता. मला रडावं की हसावं कळेना, आणि मग मीही फुटलो.

उलगडा काकूंनीच केला. त्यांना माझे वडील आठवत होते, वांग्याचं भरीत तीनदा मागून घेणारे पाहुणे म्हणून. "मास्तर तवा वावरात गेलते. तुमच्या बाबानं आमच्या टेपवर गानं लावून आपल्या टेपात भरून घेतलं. लाईन नोती. आमच्या टेपले सेल मीच देल्ते. उतरेल होते, म्हून दिवसभर कवेलूवर उन्हात वाळवले अन् घातले. मले वाटलं, चालून तं राह्यला!"

एवढंच. माझा खर्ज, माझी संथ लय, ओळीच्या शेवटचा तो थरथराट, सगळं कौलांवर उन्हात वाळवलेल्या दोन सेलांचं देणं होतं. आयुष्यभर मी बॅटरीची नक्कल केली.

मास्तरही हसत होते. हसता हसता खोकला लागला, खोकल्यात दम अडकला आणि हसणं थांबलं. काकूंनी धावत तांब्या आणला, पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ त्यांच्या छातीचा भाता वर-खाली होत राहिला.

"आता समजलं का, काहून गात नाई?" श्वास बसल्यावर ते म्हणाले.

मग त्यांनी त्यांची रीत सांगितली. सणाच्या दिवशी प्रत्येकजण हंगामातलं पहिलं काहीतरी देवाला आणतो आणि त्याचा लिलाव होतो. आमच्याकडेही होतो, पण पैशात. इथे बोली धान्यात, भाजीत, कोंबड्यात लागते, कारण सगळं त्याच दिवशीच्या प्रीतिभोजनात शिजतं. पहिला मान काकूंच्या वाफ्यातल्या सांबाराच्या जुडीचा. मास्तरांनी गाणं सुरू केलं की बोली उघडते, गाणं संपलं की बंद. शेवटचा बोलेल त्याची जुडी. गेल्या साली दुसऱ्याच ओळीला मास्तरांचा दम संपला. गाणं तुटलं तेव्हा नुकतीच पहिली बोली लागली होती: एक वांगं. रीत ती रीत. काकूंनी वाढवलेली जुडी एका वांग्याला गेली.

"तेही किडकं होतं," काकू म्हणाल्या.

म्हणून यंदा मास्तर गाणार नव्हते. आणि पहिली जुडी देवाला गेल्याशिवाय घरात सांबार कापत नाहीत, म्हणून काकू एक काडी तोडायला तयार नव्हत्या. वाफा गुडघ्याला लागला होता, फुलावर यायला आला होता, आणि मास्तर महिनाभर बिनसांबाराचं वरण गिळत होते. त्या संध्याकाळी भरीत झालं. वांगी तुरकाठ्यांवर भाजलेली, वरून जवसाचं तेल. वडिलांनी तीनदा का मागितलं ते कळलं. पण घासाघासाला काहीतरी कमी होतं, आणि ते दारातच हिरवंगार उभं होतं.

"हळू म्हना ना," काकू वाढता वाढता म्हणाल्या. "ह्या पाहुन्यासारखं. दम खात खात."

"ते गानं हाय का मयत हाय?" मास्तर उसळले. "त्या चालीत तं सांबार सडून जाईन. मी नाई म्हनत."

रविवार

मंडळी लहानच, पण देऊळ, म्हणजे तिथलं चर्च, भरून गेलं होतं. वेदीपुढे कोहळे, तुरीच्या शेंगा, कापसाची ओटी, भुईमूग, मध्येच एक नाराज बकरीचं पिल्लू. मिलिंद दरवर्षी येतो तसा आलाच होता, शेवटच्या बाकावर वांग्यांची पाटी घेऊन. उपासना संपली आणि काकू उठल्या. पदराखालून सांबाराची जुडी काढली, ओली, मुळांसकट, आणि मेजावर ठेवली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. जुडी तोडली म्हणजे काकूंनी हट्ट सोडला होता. आता उरले फक्त ते.

पाळकांनी विचारलं, "गानं कोन म्हनते?"

मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. काकू मात्र माझ्याकडे पाहत होत्या. मी पेटी ओढली. माझं काय होतं तिथे? माझा हिरो समोर बसलेला, त्याचं गाणं, त्याचं गाव. मी सूर धरला आणि सुरू केलं, माझ्याच चालीत, दुसरी मला येतच नव्हती. 'पहिलाऽऽ', आणि सवय कुठे जाते, तोंडातून आलं, 'संभाऽऽर'.

"सांबार!" मास्तर ओरडले. "भार नाई बावा, बार! सांऽबाऽर!"

"संभाऽऽर," मी घाबरून पुन्हा म्हणालो.

"अरे, अस्सं!" म्हणून ते बाकावरून उठले आणि मला शिकवायला म्हणून त्यांनी ओळ गायली. 'पहिला सांबार तुले रे, देवा.' माझ्या लयीत, कारण पेटी माझ्याकडे होती. त्यांचा तो बारीक आवाज संथ सुरात असा काही पसरला की पाळकही पाहत राहिले. ओळ संपली. मास्तर थबकले. त्यांना दम लागला नव्हता.

"एक वांगं!" मागून मिलिंद ओरडला. सगळे हसले, मास्तरही. आणि त्यांनी दुसरी ओळ घेतली, 'हिरवागार तुले रे, देवा'. ओळीच्या शेवटी छाती भरून आली तशी मी त्यांच्याऐवजी हुंकार दिला, 'ओऽऽहोऽऽ', हवा तेवढा लांबवला. तेवढ्यात त्यांनी पोटभर श्वास घेतला. तो हुंकार कशासाठी होता ते मला त्या क्षणी कळलं.

मग काय विचारता! इतकं लांबलेलं गाणं त्या गावाने लिलावात ऐकलं नव्हतं, आणि गाणं चालू आहे तोवर बोली चालू. वांग्याची पाटी झाली, कोहळा झाला, पायलीभर तूर झाली. मास्तर रंगात आले, 'वाफ्याचा'वर रेंगाळले, 'पान्याचा'वर डोळे मिटले. कोणीतरी दोन पायल्या तूर म्हटलं. बकरीच्या पिल्लाच्या मालकाने पिल्लाकडे पाहून तेच बोलीवर लावलं. एका कोथिंबिरीच्या जुडीला! बेंजामिन ढोलकीवर इतका पेटला होता की मध्येच हात वर करून ओरडला, "दाजींचं घड्याळ!"

पेटीवर दोन्ही हात गुंतलेले, तोंडात हुंकार, मला नाही म्हणताही येईना. मास्तर शेवटच्या 'तुले'वर होते. तो त्यांनी सोडलाच नाही. धरून ठेवला, झुलवला, आणि एक डोळा उघडून काकूंकडे पाहत राहिले.

काकू ताठ बसल्या होत्या. "माहा कोंबडा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी 'तुले' जागच्या जागी तोडलं. लिलाव बंद. देऊळ टाळ्यांनी दणाणलं. मला टाळ्या आवडत नाहीत, असं मी रूथला सांगितलं होतं. मी पेटी सोडून वाजवल्या.

दुपारी कोंबड्याचा रस्सा आणि भरीत झालं. भरितावर हिरवागार सांबार. आधी मास्तरांना वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, चावत राहिले. मी पानावर हात ठेवून वाट पाहत होतो. माझं 'शाब्बास' अजून बाकी होतं.

"शाब्बास," मास्तर म्हणाले.

मी मान झुकवली.

"त्या सेलाईले," ते म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.

नगर

रूथने मुलाखत पुन्हा घेतली. माझ्यावर प्रभाव दोन सेलांचा आणि एका कोंबड्याचा आहे, हे मी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. जुन्या पाळकसाहेबांच्या तीन उपदेशांबद्दल काही बोललो नाही. त्यांना आम्ही त्याच गाण्याने निरोप दिला होता, आणि त्यांना कोथिंबीर आवडायची. सुलभाने दुसऱ्याच दिवशी ताटात लोणचं वाढलं. काकूंनी दिलेले धने मी दारात पेरलेत.

एक गोष्ट मात्र रूथला सांगितली नाही. निघताना मास्तर फाट्यापर्यंत आले होते. मिलिंद रिक्षा लावायला गेला, बेंजामिन सामानाशी झटत होता. मास्तरांनी माझा हात धरला.

"शमुवेल, माह्या मातीले येजो," ते म्हणाले. "हेच गाजो. असंच, हळू. आता मले भी हेच बरं वाटते."

मी नुसती मान हलवली.

"पन सांबार म्हनजो. नीट ध्यानात ठेव. संभार म्हनला तं तिथल्या तिथं उठून बशीन."

मी त्यांना शब्द दिला. गाडीत बसल्यावर बेंजामिनला तो सांगितला, आणि त्याला सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो: ती वेळ येईल तेव्हा मी जाईन, पेटी घेऊन जाईन, हळू गाईन. आणि पहिल्याच ओळीला मुद्दाम, मोठ्याने 'संभार' म्हणून थांबेन.